झाई खड्डे: शेणखत विसकटू नका, खड्ड्यात घाला

पश्चिम आफ्रिकेत बुर्किना फासो नावाचा देश आहे, त्याच्या उत्तरेला यातेंगा भाग, पाऊस आपल्या माण-आटपाडीसारखाच लहरी आणि मुख्य पीक ज्वारी-बाजरी. तिथल्या झाई खड्ड्यांबद्दल, म्हणजे पडीक माळावर पाणी आणि खत एकाच जागी धरून त्यातच पेरायच्या लहान खड्ड्यांबद्दल, मी बरेच दिवस वाचतोय आणि आपल्या कोरडवाहूवाल्यांनी हे नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

1980 च्या आसपास तिथं मोठा दुष्काळ होता, लोक गावं सोडून चालले होते. जमीन वरून इतकी कडक झालेली की पाऊस पडला तरी पाणी आत मुरायचंच नाही, सगळं वाहून जायचं. तेव्हा याकुबा सावाडोगो नावाच्या शेतकऱ्यानं जुनीच पद्धत सुधारून वापरली. पूर्वी खड्डे लहान असायचे, त्यानं ते रुंद आणि खोल केले, त्यात शेणखत घातलं, आणि मुख्य म्हणजे हे सगळं उन्हाळ्यातच उरकलं. लोकांनी वेड्यात काढलं त्याला. पुढं 2018 मध्ये त्याला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार (ज्याला ‘पर्यायी नोबेल’ म्हणतात तो) मिळाला, 2023 मध्ये तो गेला.

खड्डा कसा, तर साधारण वीतभर-दीड वीत रुंद, 15-20 सेंटीमीटर खोल, दोन खड्ड्यांत 70-80 सेंटीमीटर अंतर. निघालेली माती उताराच्या बाजूला अर्धगोल लावायची म्हणजे वरून येणारं पाणी तिथं अडतं. आत ओंजळभर कुजलेलं शेणखत, पालापाचोळा, आणि पाऊस आला की त्यातच ज्वारीचे दाणे टोकायचे. मधली जमीन कडकच ठेवायची बरं का, ती नांगरायची नाही, कारण तिच्यावरून वाहणारं पाणीच खड्ड्यात येतं. पावसानं मध्ये ओढ दिली तरी खड्ड्यातली ओल रोपाला धरून ठेवते.

आणि वाळवी! आपण वाळवी दिसली की औषध आणायला पळतो, तिथं उन्हाळ्यात खड्ड्यातल्या शेणापाचोळ्याला वाळवी येते, खाली बारीक बारीक बोगदे करते, आणि पहिल्या पावसाचं पाणी त्याच वाटांनी खोल जातं. माणसाची कुदळ जिथं पोचत नाही तिथलं काम ती करते. शेणातून झाडांच्या बियाही येतात, त्या खड्ड्यातच रुजतात, सावाडोगोनं ती झाडं उपटली नाहीत, राखली, आणि त्या माळावर जंगल उभं राहिलं.

माझ्या मते खरी गोम खतात आहे. नुसते खड्डे काढले तर पाणी थांबेल पण असल्या माळाच्या मातीत पिकाला खायलाच काही नसतं. हेक्टरी 10 हजार खड्डे धरले आणि खड्ड्याला 300 ग्रॅम खत, तर 3 टन लागतं. हेच 3 टन अख्ख्या हेक्टरवर विसकटलं तर दिसणारसुद्धा नाही. आता आपल्याकडं गोठ्यात जनावरं किती उरलीत आणि शेणखताची ट्रॉली केवढ्याला पडते हे सांगायला नको, मग आहे तेवढं मुळापाशीच का घालू नये?

मेहनत मात्र प्रचंड आहे. हेक्टरी 300 तासांच्या वर खोदकाम, तेही उन्हात. ज्यांना मजूर परवडत नाही त्यांना हे एका दमात जमणारच नाही, म्हणून दोन-चार गुंठ्यांपासून सुरुवात केलेली बरी. तिथं खड्ड्यांच्या जोडीला समपातळीवर दगडांच्या ओळीही लावतात, नाहीतर जोराच्या पावसात खड्डे बुजून जातात. पुढच्या वर्षी तेच खड्डे साफ करून वापरता येतात किंवा मधल्या जागेत नवे काढायचे, असं करत करत सगळं रान हलतं.

काळ्या भारी रानात हे करू नका, तिथं खड्ड्यात पाणी साचून मुळं सडतील. वाळूच्या रानात खड्डे टिकत नाहीत. हे मुरमाड, वरून बसलेल्या, पडीक माळासाठी आहे. तसा तुकडा बांधाच्या कडेला बऱ्याच जणांकडं असतो. तुमच्यापैकी कुणी असे खड्डे काढून ज्वारी-बाजरी घेतली असेल तर खत किती घातलं आणि खोदायला किती माणसं लागली तेवढं खाली लिहा.