तुम्ही विचारलेत म्हणून: २०११चे फोर्टी नायनर्स आणि काइल विल्यम्सवरचा ठपका

जानेवारीत अमेरिकन फुटबॉलच्या प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे, सामने सुरू झाले, की बे एरियातल्या आपल्या मंडळींपैकी कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच: २०११च्या हंगामात काइल विल्यम्सकडून ते दोन पंट (समोरच्या संघाने लाथेने दूर उडवलेले चेंडू) गेले नसते, तर आपला सॅन फ्रान्सिस्कोचा संघ, फोर्टी नायनर्स, सुपर बोल हा अजिंक्यपदाचा सामना जिंकला असता ना? आणि ज्या हंगामात संघ सुपर बोलपर्यंत पोचलासुद्धा नाही, त्याचे तुम्ही इतके कौतुक का करता? आजवर मी एक-दोन वाक्यांत उत्तर देऊन विषय बदलत आले. या वेळी सविस्तर लिहिते, कारण प्रश्नाच्या पहिल्या भागात एका तेवीस वर्षांच्या खेळाडूवर ठेवलेला ठपका आहे आणि तो खरा धरूनच दुसरा भाग विचारला जातो, हे आता मला सहन होत नाही.

कौतुकाचे आधी सांगते. २०१०मध्ये सहा विजय आणि दहा पराभव, २००२नंतर प्लेऑफचे तोंड पाहिलेले नाही, आणि कँडलस्टिक या घरच्या मैदानावरच्या प्रेक्षकांनी आपल्याच क्वार्टरबॅकला (चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूला) बाहेर काढा म्हणून घोषणा दिलेल्या. हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. स्टॅनफर्डहून जिम हार्बॉ आला, तेव्हा नवा प्रशिक्षक पहिले काम म्हणून त्याच क्वार्टरबॅकला, ॲलेक्स स्मिथला, निरोप देईल, असेच बहुतेकांनी धरले होते. २००५च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिल्या क्रमांकावर निवडलेला, दरवर्षी नव्या आक्रमण-प्रशिक्षकाची नवी भाषा शिकायला लावलेला, खांद्याच्या दुखापतीने खचलेला हा खेळाडू. हार्बॉने त्यालाच ठेवून घेतले. मालक आणि खेळाडू यांच्यातल्या वादामुळे मार्च ते जुलै टाळेबंदी होती आणि प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलण्याचीही मनाई होती. त्या काळात, स्वतःचा करार संपलेला असताना, स्मिथने सहकाऱ्यांना सॅन होजे स्टेट विद्यापीठाच्या मैदानावर गोळा केले आणि हार्बॉची नवी खेळपुस्तिका त्यांना शिकवली. नोकरीची शाश्वती नसलेला माणूस नव्या साहेबाच्या गैरहजेरीत त्याचेच काम पुढे नेतो, ही गोष्ट मला त्या हंगामात गोलरेषेपार चेंडू नेऊन केलेल्या कोणत्याही टचडाउनपेक्षा मोठी वाटते.

‘संघ तोच होता, बदलला फक्त प्रशिक्षक,’ असे मी त्या काळात ज्याला त्याला सांगत असे. आज मी तसे म्हणणार नाही. ऑल्डन स्मिथ त्याच वर्षी आला आणि पहिल्याच हंगामात त्याने चौदा सॅक केले, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधीच पाडले. कार्लोस रॉजर्स, डॉन्टे व्हिटनर आणि किकर डेव्हिड एकर्स हेही नवेच होते. बचावाची सूत्रे व्हिक फँजिओकडे आली होती. तरीही पॅट्रिक विलिस, जस्टिन स्मिथ, फ्रँक गोर, व्हर्नन डेव्हिस ही जुनी माणसे आदल्या वर्षी हरत होती आणि या वर्षी जिंकत होती, हे कोणत्या नव्या भरतीने समजावून सांगाल?

फिलाडेल्फियाचा सामना आठवा. आधी सिनसिनाटी आणि मग फिलाडेल्फिया असे लागोपाठ दोन दूरचे सामने होते, म्हणून हार्बॉने संघाला घरी न आणता मधला आठवडा ओहायोतल्या यंग्सटाउनला ठेवले. तिसऱ्या सत्रात आपण २३-३ असे मागे होतो. तेथून २४-२३ अशी आघाडी मिळाली आणि शेवटच्या मिनिटांत जेरेमी मॅक्लिन चेंडू घेऊन पुढे निघालेला असताना, सव्वाशे किलोंहून जड असलेल्या जस्टिन स्मिथने त्याला मागून गाठून त्याच्या हातातला चेंडू उडवला. बचावाच्या पहिल्या रांगेतल्या खेळाडूने इतक्या दूरवर धावत जाण्याची कोणी अपेक्षाही करत नाही. तो गेला. मला विचाराल तर हंगाम तेथे फिरला.

आता त्या संघाची जात कोणती होती, हे नीट पाहिल्याशिवाय पराभवाविषयी बोलता येणार नाही. सोळा सामन्यांत त्यांनी फक्त दहा वेळा चेंडू गमावला आणि ३८ वेळा प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावून घेतला. पहिल्या चौदा सामन्यांत कोणालाही त्यांच्याविरुद्ध धावत जाऊन टचडाउन करता आले नाही. एकर्सने ४४ फील्ड गोल (लाथेने चेंडू गोलखांबांमधून मारून मिळणारे तीन-तीन गुण) मारून विक्रम केला, आणि मी कितीही अभिमानाने हा आकडा सांगितला तरी तो एक तक्रारही आहे, कारण गोलरेषेच्या जवळ जाऊन आक्रमण इतक्या वेळा थांबले, असाही त्याचा अर्थ होतो. चेंडू जपायचा, समोरच्याची चूक होईपर्यंत धीर धरायचा, मिळतील तेवढे तीन-तीन गुण पदरात पाडून घ्यायचे. १३ विजय आणि ३ पराभव याच रीतीने आले. प्लेऑफमधल्या, न्यू ऑर्लीन्सच्या सेंट्सविरुद्धच्या ३६-३२ या सामन्याची शेवटची चार मिनिटे तेवढी वेगळी होती. तेथे ॲलेक्स स्मिथने स्वतः २८ यार्ड धावत आणि मग नऊ सेकंद उरलेले असताना डेव्हिसला चेंडू देऊन सामना जिंकला.

आणि मग २२ जानेवारी २०१२, त्याच हंगामातला सुपर बोलच्या आधीचा शेवटचा सामना, न्यूयॉर्कच्या जायंट्सविरुद्ध. त्या दिवशी मी कँडलस्टिकमध्ये होते. पावसाने सगळे भिजलेले, मैदान जड झालेले. चौथ्या सत्रात आपण १४-१० असे पुढे होतो. नेहमी पंट झेलणाऱ्या टेड गिनचा गुडघा दुखावलेला असल्यामुळे पंट झेलायला काइल विल्यम्स उभा होता. जायंट्सचा पंट त्याच्या समोर जमिनीवर पडून उसळला, तो झेलायचे सोडून तो बाजूला होऊ लागला, आणि चेंडू त्याच्या उजव्या गुडघ्याला चाटून गेला. जायंट्सच्या डेव्हिन थॉमसने तो उचलला. आम्हा प्रेक्षकांना काहीच दिसले नव्हते आणि पंचांनाही नाही. चेंडू आपलाच, असाच पहिला निर्णय होता. जायंट्सने दाद मागितली, चित्रफीत हळू गतीने पुन्हा पाहिली गेली. चेंडू गुडघ्याजवळून जाताना त्याची दिशा अगदी किंचित बदलत होती, एवढाच काय तो पुरावा. पण तो पुरेसा होता: चेंडू विल्यम्सला लागला होता, म्हणून तो आता जायंट्सचा. थोड्याच वेळात थर्ड डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) पंधरा यार्ड हवे असताना जायंट्सचा क्वार्टरबॅक मॅनिंग याने मॅनिंगहॅमला टचडाउन दिला. एकर्सने १७-१७ अशी बरोबरी साधली. जादा वेळेत विल्यम्स पंट घेऊन धावला, जायंट्सच्या जॅक्वियन विल्यम्सने त्याच्या हातावर फटका मारला, चेंडू सुटला आणि पुन्हा थॉमसनेच तो पकडला. जायंट्सचा किकर टाइन्स याचा ३१ यार्डांचा फील्ड गोल यशस्वी झाला आणि सामना २०-१७ असा संपला.

त्या रात्रीपासून विल्यम्सला ट्विटरवर जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्याने मात्र त्याच रात्री पत्रकारांसमोर उभे राहून प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिले होते. तुम्ही धमक्या दिल्या नाहीत, हे मला मान्य आहे. पण दरवर्षी जेवणाच्या पंगतीत त्याचेच एकट्याचे नाव घेणे हे सभ्य असले, तरी त्याच रांगेतले आहे.

कारण त्या सामन्याचा बाकीचा हिशेब कोणी मांडत नाही. थर्ड डाउनला आपला तेरा वेळा प्रयत्न झाला आणि एकदाच यश आले. बाजूला खेळणाऱ्या, फेकलेला चेंडू झेलणाऱ्या आपल्या सगळ्या रिसीव्हरांनी मिळून एकच चेंडू झेलला, तोही क्रॅबट्रीने, तीन यार्डांसाठी. दोन्ही टचडाउन टाइट एंड डेव्हिसचे होते, तो या बाजूच्या रिसीव्हरांत मोडत नाही. जोश मॉर्गनचा पाय ऑक्टोबरमध्येच मोडला होता, ब्रेलन एडवर्ड्सला डिसेंबरमध्ये सोडून दिले होते, गिन बाहेर होता. मग विल्यम्सला पंटही झेलायचे होते आणि रिसीव्हर म्हणूनही खेळायचे होते. पलीकडे मॅनिंगने ५८ वेळा चेंडू फेकला, सहा वेळा आपल्या बचावाने त्याला आडवे केले, आणि तरीही आपल्या बचावाच्या हाती एकदाही चेंडू लागला नाही. आपले गोल्डसन आणि टॅरेल ब्राउन एकाच चेंडूवर झेपावून एकमेकांवर आदळले. जायंट्सच्या ब्रॅडशॉच्या हातून चेंडू सुटला, तर त्याआधीच खेळ थांबला होता, असे पंचांनी ठरवले. वर्षभर समोरच्याच्या चुकांवर जगलेल्या संघासमोर त्या दिवशी चूक न करणारा संघ उभा होता.

एवढे लिहून झाल्यावर मला गप्प बसता येत नाही, कारण याचा रोख आता हार्बॉकडे वळतो. ज्या सावधगिरीने संघ उभा राहिला, तीच त्या पावसात अपुरी पडली का? स्मिथला आणखी मोकळेपणाने फेकू दिले असते तर? तेव्हाची मी म्हणाली असती, की सेंट्सविरुद्ध स्मिथने दाखवले होतेच. आज मला त्या ओल्या मैदानाचा आणि त्या एकमेव झेलाचा विचार करावा लागतो. हिसकावलेले ३८ आणि गमावलेले १० चेंडू यांतला फरक निव्वळ प्रशिक्षणाचा नसतो, त्यात दैवाचाही वाटा असतो, असे कोणी म्हणाले तर पूर्वी मी भांडत असे. अजूनही पूर्णपणे मान्य करणार नाही, पण ऐकून घेते.

तुमच्यापैकी जे मला हार्बॉची भक्त समजतात, त्यांना हेही सांगायला हवे, की पुढच्या वर्षी त्याने स्मिथचे जे केले ते मला अजून पचलेले नाही. ऑक्टोबर २०१२मध्ये स्मिथने ॲरिझोनाविरुद्ध १९पैकी १८ चेंडू अचूक दिले. नोव्हेंबरमध्ये त्याच्या डोक्याला मार लागला, राखीव क्वार्टरबॅक केपर्निक आला, आणि स्मिथ बरा झाल्यावरही जागा केपर्निककडेच राहिली. त्या निर्णयाने संघ सुपर बोलपर्यंत गेला आणि बाल्टिमोरकडून ३४-३१ असा हरला, म्हणजे २०११पेक्षा एक पायरी पुढे. निकालाकडे बघून मी त्याला चूक म्हणू शकत नाही. सॅन होजे स्टेटच्या मैदानावर उन्हात पुस्तिका शिकवणारा स्मिथ आठवला, की बरोबरही म्हणवत नाही.