अंगणातला प्रकाश

आज संध्याकाळी बागेतल्या दिव्यांचे काम अखेर पूर्ण झाले. गेली दोन वर्षे भिंतीवरचा एकच पांढराशुभ्र फ्लडलाइट साऱ्या अंगणावर प्रकाश ओतत असे, आणि त्यात झाडे दिसत असली तरी त्यांच्या सावल्या आणि पानांचा पोत पार हरवून जात असे. आज तो काढून जुन्या आंब्याच्या बुंध्याशी ७ वॉटचा, २७०० केल्व्हिनचा पिवळसर एलईडी दिवा वरच्या दिशेने लावला, तेव्हा खोडाच्या खरबरीत सालीवरून प्रकाश फांद्यांपर्यंत चढत गेला आणि मागच्या भिंतीवर पानांची सावली वाऱ्याबरोबर हलू लागली. रोजचेच झाड मी पहिल्यांदा पाहते आहे असे वाटले. पायवाटेचे दिवे गुडघ्याच्याही खाली ठेवले आहेत, त्यामुळे ते डोळ्यांवर येत नाहीत. पावसाळ्याचा विचार करून सगळे दिवे आयपी ६५ दर्जाचे, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे आत शिरू न देणारे, आणि १२ व्होल्टच्या कमी दाबावर चालणारे घेतले. रातराणीजवळ मात्र मुद्दाम एकही दिवा लावला नाही, कारण तिच्या फुलांवर येणाऱ्या पतंगांची कृत्रिम प्रकाशात वाट चुकते. दहा वाजता टायमरने सारे दिवे मालवले, तरी मी बराच वेळ पायरीवर बसून होते.