अडवणारी शहरं

रोल-प्लेइंग गेममधली, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या व्हिडिओ गेममधली, बहुतेक गावं एकाच साच्यातून काढलेली असतात. वेशीतून आत शिरलं की लोहार, त्याला लागून औषधंविक्या, समोर सराई आणि चौकात डोक्यावर उद्गारचिन्ह घेऊन तुम्हाला काम सोपवायला उभं असलेलं कुणीतरी. जुनी तलवार विकायची, रात्र काढायची, पुढे निघायचं. गेम संपल्यावर गावाचं नाव विचारलं तर आठवत नाही. सगळं गाव आपल्या दिमतीला हजर असतं, मग ते आठवायचं तरी कशासाठी?

लक्षात राहतात ती नाठाळ शहरं. 'गॉथिक २' या २००२ सालच्या जर्मन गेममधलं खोरिनिस माझ्या मते या जातीतलं सर्वात अस्सल. काम साधंच असतं: ड्रॅगन आलेत, ही खबर शहरातल्या शूरवीरांचा म्होरक्या लॉर्ड हेगन याच्या कानावर घालायची. पण तुम्ही आपल्या भणंग अवतारात दरवाजाशी गेलात की पहारेकरी हटकतो. मग एक तर त्याचे हात ओले करा, नाही तर जवळच्या लोबार्टच्या शेतावर जा. तिथे मातीतून शलगम उपटून द्या, म्हणजे शेतकऱ्याचे कपडे जरा स्वस्तात मिळतात. ते चढवून परत आलात की तोच पहारेकरी तुम्हाला शेतगडी समजून आत सोडतो.

सुटलो म्हणेपर्यंत वरच्या वस्तीचा दरवाजा येतो. हेगन तिथे, आणि तिथे प्रवेश फक्त शहराच्या नागरिकांना. नागरिक व्हायचं तर एखाद्या कारागिराच्या हाताखाली उमेदवारी करा. आणि त्याने तुम्हाला ठेवून घ्यायचं तर बाकीच्या कारागिरांचीही संमती हवी. जगबुडी उंबऱ्याशी आलेली आणि आपण धनुष्यं बनवणाऱ्या बॉस्परसाठी लांडग्यांची कातडी गोळा करतोय! चिडचिड होते, पण या खेटे घालण्यात खालची वस्ती पाठ होऊन जाते. कोण कुणावर खार खाऊन आहे, कुणाच्या शब्दाला किती वजन, सगळं. शेवटी वरच्या दरवाजावरचा गडी बाजूला होतो तेव्हा ड्रॅगन मारल्यापेक्षा जास्त बरं वाटतं.

नुसती वाट बंद करणं म्हणजे अडवणूक नव्हे. 'तिसऱ्या अंकापर्यंत हा पूल बंद' हा गेम बनवणाऱ्यांचा आळस, तो जाणवतो आणि खटकतो. अडवण्यामागे कुणाचा तरी स्वार्थ, भीती, निदान तोरा तरी हवा. 'बाल्डर्स गेट २' (२०००) मधल्या अथकाटला शहरात उघड्यावर जादू केलीत की बुरखाधारी जादूगार प्रकट होतात आणि दम देतात. परवाना काढायचा तर ५,००० सोन्याची नाणी मोजा. म्हणजे शहराचं वैर जादूशी नाही, फुकटच्या जादूशी आहे. या एका नियमात तिथला सगळा कारभार कळतो, इतिहासाची जाडजूड पोथी वाचायला लागत नाही. (तशा पोथ्या या गेममध्ये ढिगाने पडलेल्या असतात. त्या वाचणारे लोक आहेत, मी त्यांचा आदर करतो.)

कधी शहर अडवत नाही, फक्त स्वतःहून मदत करत नाही. 'मॉरोविंड'मध्ये (२००२) कुठे जायचं ते दाखवणारा बाण नाही. बाल्मोरा गावाला जा, तिथल्या साउथ वॉल कॉर्नरक्लब या गुत्त्यात विचार, तिथले लोक केयस कोसेडिसचं, म्हणजे ज्याला भेटायचंय त्याचं, घर सांगतील, एवढ्यावर तुमची बोळवण. पाण्यात उभ्या असलेल्या विवेक शहरात तर अवाढव्य पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती, एकीसारखी दुसरी. तिथे हरवला नाही असा खेळाडू विरळा. त्याच मालिकेतल्या 'स्कायरिम'मध्ये (२०११) बाण आहे, नकाशावर बोट ठेवून आधी जाऊन आलेल्या शहरात थेट उतरण्याची सोय आहे. ती मीही मनसोक्त वापरली, पण तिथलं मार्कार्थ तेवढं ठसठशीत आठवतं. कारण पहिल्यांदा आत पाऊल ठेवताच भर बाजारात एका बाईवर हल्ला होतो आणि मग गावातलं कुणी धड काही बोलायला तयार नसतं.

याबाबतीत जुने गेमही काही भोळे नव्हते. 'अल्टिमा ५' मध्ये, म्हणजे १९८८ सालीच, माणसांना दिनक्रम होता. दुकानदार रात्री दुकान बंद करून घरी जायचा. तुमच्याकडे जगाचं भवितव्य असलं तरी सकाळपर्यंत थांबा.

'फायनल फँटसी ७' (१९९७) मधलं मिडगार शहर तर आकाशच अडवतं. श्रीमंत वस्ती लोखंडी तबकडीवर आणि झोपडपट्टी तिच्या खाली, कायमच्या सावलीत. तिथे कित्येक तास काढल्यावर गेम तुम्हाला शहराबाहेर सोडतो आणि तेव्हा कळतं की जगाचा नकाशा आता कुठे उघडतोय. २०२० साली या एवढ्या भागाचाच आख्खा नवा गेम झाला. काही जण म्हणाले, पाणी घालून वाढवलाय. मला तरी कमी पडला.

या सगळ्याला अपवाद म्हणून 'पोकेमॉन'मधलं लव्हेंडर टाउन सांगणार होतो. इवलंसं गाव, चार घरं, लोकांना आठवते ती फक्त तिथली अंगावर काटा आणणारी धून. पण नाही, तिथल्या सात मजली मनोऱ्यातही वर चढताना भूत आडवं येतंच, आणि भुताचं खरं रूप दाखवणारं सिल्फ स्कोप हे यंत्र आणल्याशिवाय ते काही हटत नाही.