जळगावच्या उन्हात अन्नपूर्णा

अन्नपूर्णेचं, म्हणजे पांदान या सुगंधी पानांच्या झुडपाचं, एक पान भाताच्या पातेल्यात टाकलं की साध्या कोलमलाही बासमतीचा वास येतो. ती आमच्या जळगावच्या अंगणात आहे म्हटलं की कोकणातल्या नातेवाइकांना आधी हसू येतं. साहजिकच आहे. बाई मूळच्या आग्नेय आशियातल्या, केवड्याच्या भाऊबंदांपैकी. दमट हवा, मुळाशी ओल आणि डोक्यावर सावली, एवढंच मागतात. आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांशी खेळत असतो.

पण मला विचाराल तर ऊन हा तिचा खरा वैरी नव्हे. सावलीत ठेवली की उन्हाचं भागतं. तिला मारते ती दुपारची कोरडी, गरम झळ. पानांची टोकं आधी तपकिरी होतात, मग कडा. यावर उपाय शोधायला कुठल्या नर्सरीत जायची गरज खानदेशात तरी नाही. रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा बघाव्यात. बांधाला शेवरी नाहीतर गजराज गवत दाट लावलेलं असतं, वारा अडवायला. आमची अन्नपूर्णाही मोरीच्या पाण्यावर वाढलेल्या दोन केळींच्या आड उभी आहे. बुडाशी उसाचं पाचट. पाणी रोज, पण कुंडीत साचू द्यायचं नाही. बोअरचं क्षारांचं पाणी तिला मानवत नाही, म्हणून नळाचं. थंडीत मात्र ती रुसते. पारा दहाच्या खाली गेला की वाढ थांबते. तेव्हा पाणी आवरतं घ्यायचं आणि गप्प बसायचं.

वासाची गंमत अशी की कुंडीतल्या पानाला नाक लावलं तर गवताखेरीज काही कळत नाही. पान कोमेजलं, चुरगाळलं किंवा वाफेत गेलं की दरवळ सुटतो. २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलीन नावाचं हे द्रव्य बासमतीतही असतं. केवड्याचा गंध कणसात, हिचा पानात. शिवाय केवड्यासारखे बोचरे काटे नाहीत, ही मोठीच सोय.

आता, भाकरी-भरिताच्या मुलखात भाताला असं नटवायचं कशाला? आमच्याकडे भात जेवणाच्या शेवटी येतो, तोही घासभर. श्रीलंकेत हे पान कढीपत्त्याबरोबर मसाल्याच्या कालवणातही घालतात म्हणे. त्यात काही नवल नाही, पण आपल्या शेवभाजीच्या काळ्या मसाल्यापुढे त्याची काय डाळ शिजणार! पानाची गाठ मारून साध्या भातात किंवा तांदळाच्या खिरीत टाकावी आणि वाढण्याआधी काढून घ्यावी. थायलंडमध्ये या पानात कोंबडीचे तुकडे गुंडाळून तळतात. ते एकदा करून बघायचं मनात आहे.

हिला बी धरत नाही. बुडाशी फुटणारे मुनवे वेगळे करून लावायचे, केळीसारखेच. शेजारच्या मावशींचं माहेर केळीवालं. पहिल्यांदा कुंडी पाहून त्या म्हणाल्या होत्या, “हाई ते गवत शे वं माय!” खीर खाल्ल्यावर मुनवा मागायला आल्या. मी उन्हाळ्यातच काढायला निघाले तर त्यांनीच हात धरला, “मिरिग लागू दे, मंग दे.” मग खाली वाकून त्या बराच वेळ मुनवे निरखत बसल्या. केळीत तलवारीसारख्या अरुंद पानांचा मुनवा निवडतात. हिची सगळीच पानं तलवारी. आता यातला चांगला कोणता? शेवटी ज्याला स्वतःच्या मुळ्या दिसत होत्या, त्यालाच त्यांनी खुणेचा दोरा बांधला.