तुम्ही विचारलंत म्हणून: लगुनाला गाडी कुठे लावता?

इथे कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनमध्ये कोणाचे आई-बाबा पुण्या-नाशिकहून आले, जेट लॅग उतरला, की मला फोन येतो. "लगुना बीच दाखवायचंय यांना, पण तिथल्या पार्किंगचं तुम्ही काय करता?" उत्तर सोपं आहे: गावात गाडी नेतच नाही, तिथल्या ट्रॉली बसने फिरतो. त्यावर हमखास पुढचा प्रश्न येतो, "वेळ वाचतो का त्याने?" तिथे मात्र जरा सविस्तर बोलावं लागतं, कारण वेळ काही वाचत नाही.

लगुना बीच हे गाव म्हणजे डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. शिरायला वाटा तीनच. उत्तरेला न्यूपोर्टकडून आणि दक्षिणेला डाना पॉइंटकडून येणारा कोस्ट हायवे, आणि आपल्या अर्वाइनच्या बाजूने दरीतून उतरणारा कॅन्यन रोड. चौथी वाट होईल असं दिसत नाही, कारण मागचे डोंगर लोकांनी हट्टाने मोकळे राखलेत. कॅन्यनमध्ये मोठा गृहप्रकल्प येऊ घातला होता, तेव्हा 1989 साली हजारो माणसं त्याच रस्त्याने चालत गेली आणि तो थांबला. म्हणजे ज्या डोंगरांकडे बघत आपण ट्रॅफिकमध्ये ताटकळतो, ते शाबूत राहिले त्याचीच थोडीफार किंमत म्हणजे हा ट्रॅफिक. मला विचाराल तर सौदा चांगला आहे. पण उन्हाळ्यातल्या रविवारी दुपारी ट्रॉलीलाही वेगळी लेन नसते. तुमच्या गाडीच्या मागे तीही तशीच उभी असते.

ट्रॉली हे प्रकरण खरं तर बसच. रूळ-बिळ काही नाहीत, फक्त जुन्या ट्रामसारखी सजवलेली. कुठे लाकडी बाकं, पितळी दांडे, खाली कोणाच्या तरी सँडलमधून आलेली वाळू. ओले केस, दुमडलेल्या खुर्च्या, चड्डीवरचे आजोबा, सगळे एकत्र. तिकीट नाही. आमच्या सासूबाईंना हे पटतच नव्हतं. पहिल्यांदा बसल्या तेव्हा उतरेपर्यंत पर्स उघडी ठेवून बसल्या होत्या. पूर्ण फुकट म्हणता येणार नाही म्हणा. ऑरेंज काउंटीत आपण करपात्र काही घेतलं की डॉलरमागे अर्धा सेंट वाहतुकीच्या कामांसाठी जातो, आणि अशा गावोगावच्या छोट्या बससेवांना त्यातून अनुदान मिळत आलंय. म्हणजे तुम्ही तिकीट काढलेलंच आहे, टीव्ही घेतलात तेव्हा.

मग फायदा कशाचा? गाडीपाशी परत यायला नको, याचा. गाडी लावली की माणूस तिला बांधला जातो. चालायचं ते परतीचा हिशेब धरून, आणि एक डोळा मीटरवर. ट्रॉली असली की चाल एकाच दिशेची. हायस्लर पार्कमधून समुद्राच्या कडेकडेने मेन बीचवर यायचं, तिथे लाकडी वाटेवर हवं तितकं रेंगाळायचं, पुढे कोस्ट हायवेवरच्या गॅलऱ्या बघत दक्षिणेकडे जायचं, आणि गुडघे बोलायला लागले की जवळच्या थांब्यावर उभं राहायचं. सहा महिने मुलांच्या गाडीच्या मागच्या सीटवर काढणाऱ्या आई-बाबांना हे फार सुखाचं असतं. "चला रे, निघायचंय" असं कोणी म्हणत नाही.

दक्षिणेकडचे किनारे तर असे आहेत की ते घरांच्या मधल्या जिन्यांनी गाठायचे, आणि त्या गल्ल्यांत गाडी लावायला जागा मिळाली तर नशीब. व्हिक्टोरिया बीचवर खडकाला चिकटून एक 60 फुटी मनोरा आहे, परीकथेतला वाटावा असा. प्रत्यक्षात तो 1926 साली वरच्या घरातून वाळूवर उतरायच्या जिन्यासाठी बांधला. ओहोटी बघून जा. भरतीत तिथवर चालत जाता येत नाही. थाउजंड स्टेप्स बीचला पायऱ्या दोनशेच्या वर आहेत, हजार नाहीत, पण वर चढताना हा तपशील कोणाच्या लक्षात राहत नाही. तिथे मात्र ज्येष्ठांना नेऊ नका.

जुलै-ऑगस्टमध्ये आलात तर कॅन्यनमधल्या बाहेरच्या पार्किंगमध्ये गाडी लावा आणि कॅन्यनची ट्रॉली घ्या. ती सॉडस्ट नावाच्या कलामेळ्यावरून आणि फेस्टिव्हल ऑफ आर्ट्सवरून जाते. तिथला 'पेजंट ऑफ द मास्टर्स' चुकवू नका. प्रसिद्ध चित्रांत खरी माणसं रंग लावून निश्चल उभी राहतात. 1930च्या दशकापासून चाललंय, आणि शेवट प्रथेप्रमाणे लिओनार्दोच्या 'लास्ट सपर'ने होतो. पुण्यातल्या मंडळांचे जिवंत देखावे ज्यांनी पाहिलेत त्यांना काही समजावून सांगावं लागत नाही. शेजारच्या काकांनी तर पडदा पडल्यावर "श्वास कधी घेतात हो हे?" एवढंच विचारलं. पेजंट सुटल्यावर कॅन्यन रोडवर जी झुंबड उडते, तिच्यात थांबा गाठायला घाई करू नका. पहिली ट्रॉली भरून जाऊ द्या.

बाकी किरकोळ. उन्हाळ्यात फेऱ्या दाट असतात आणि रात्री उशिरापर्यंत चालतात. एरवी मोजक्याच, त्यामुळे निघण्याआधी शहराच्या वेबसाइटवर त्या दिवसाचं वेळापत्रक बघा. शेवटची कितीची, हे आधी. जूनमध्ये दुपारपर्यंत मळभ असतं, सकाळी आठला पोचून उपयोग नाही. स्वेटर न्याच, "कॅलिफोर्नियात कशाला स्वेटर" म्हणणाऱ्यांचा तर आधी. आणि दक्षिणेकडे जाताना आई-बाबांना उजवीकडे बसवा, समुद्र त्या बाजूला आहे.