लाल तेलाची बाजू

पाम तेल म्हटलं की अनेकांच्या कपाळावर आठ्या पडतात. इंडोनेशियातली जळालेली जंगलं, बेघर झालेले ओरांगउटान, हे सगळं खरं आहे. पण तो राग झाडावर निघतो, ते मला पटत नाही. नोकरीमुळे घानात राहिले तेव्हा या तेलाशी माझी ओळख वेगळ्याच रूपात झाली.

तेलताड, म्हणजे पाम तेलाचं झाड, मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे फळाच्या गरातून काढलेलं तेल लाल असतं. हा रंग कॅरोटीनचा. कारखान्यात तेल शुद्ध करताना ते दोनशे अंशांच्या वर तापवतात, तेव्हा रंग आणि वासाबरोबर कॅरोटीनही जातं. बाटलीत लाल तेल ठेवलं की तळाशी रवाळ तुपासारखा थर बसतो. निम्मी चरबी संपृक्त आहे, त्यामुळे ते औषध म्हणून चमचा चमचा पिण्याचा सल्ला मी देणार नाही. पण या तेलातलं चवळीचं कालवण आणि सोबत तळलेली पिकली प्लँटेन (भाजीच्या केळ्यासारखं मोठं केळं), म्हणजे तिथलं 'रेड-रेड', मला अजून हवंहवंसं वाटतं.

तेल काढणाऱ्या बहुतेक बायकाच. घड फोडून फळं वेगळी करायची, पिंपात उकडायची, कुटायची, दाबून पिळायची, मग पाण्यासोबत उकळून वर आलेलं तेल काढून घ्यायचं. फळाला मार लागला किंवा ते पडून राहिलं की त्यातलंच विकर (एन्झाइम) तेलाचं विघटन करतं आणि तेल घशाला खवखवतं. उकडल्याने ते विकर मरतं. म्हणून तोडणी आणि उकडणं यांत जेवढं कमी अंतर, तेवढं तेल चांगलं. उरलेला चोथा चुलीत जातो, कोय फोडून वेगळं तेल निघतं. धूर मात्र भयंकर, त्यावर सुधारलेल्या चुलींचा उपाय व्हायलाच हवा. २०१५ मध्ये घानाच्या बाजारातल्या काही तेलात सुदान-४ हा कापडी रंग सापडला, तेव्हा प्रामाणिकपणे काम करणाऱ्या या बायकांचं वाईट वाटलं.

१८४८ मध्ये जावातल्या बोगोरच्या बागेत चार रोपं लावली गेली आणि आग्नेय आशियातल्या मळ्यांचा वंश तिथून वाढला. आज जगातलं बहुतेक पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. हेक्टरी तेलाचा उतारा सोयाबीनच्या कित्येक पट, म्हणून पाम तेल सोडून दुसरं तेल घेतलं तर जमीन उलट जास्त लागते. प्रश्न जंगल तोडण्याचा आणि पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या थरांची, दलदल उपसण्याचा आहे. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आरएसपीओने, म्हणजे टिकाऊ पाम तेलाला प्रमाणपत्र देण्याचे निकष ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, २०१८ च्या निकषांत जंगलतोडीला मनाई केली आणि २०१९ मध्ये छोट्या शेतकऱ्यांसाठी वेगळे निकष आणले. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण प्रमाणपत्राचा खर्च दोन-तीन एकरवाल्याला झेपत नाही.

घानातल्या अनेक छोट्या शेतांत जुनी, उंच, जाड कवचाची 'ड्युरा' झाडं आहेत. पातळ कवचाच्या 'टेनेरा' संकराला त्याच जागेत जास्त तेल येतं, म्हणजे नवं जंगल न तोडता उत्पन्न वाढू शकतं. पण नवं झाड फळायला तीनेक वर्षं लागतात. तोवर ओळींमध्ये मका, कसावा घेता येतो आणि पुढे छाटलेल्या झावळ्या तिथेच रचल्या की जमीन झाकलेली राहते. त्या तीन वर्षांसाठी कमी व्याजाचं कर्ज आणि खात्रीची रोपं मिळाली, तर जुनी बाग पाडायला शेतकरी तयार होतो. टिकाऊ पाम तेलाच्या घोषणा करणाऱ्या मोठ्या खरेदीदारांनी आधी तिथे पैसा घालावा.