टॅबलेट लॅपटॉपची जागा घेईल का?

ठाण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये उभ्याने पीडीएफ वाचायला आणि त्यावर पेनने खुणा करायला टॅबलेटसारखे साधन नाही, हे मी मनापासून मानतो. २०२१ मध्ये आयपॅड प्रोमध्ये मॅकचीच एम१ चिप आली, त्यामुळे वेगाची अडचण उरलेली नाही. अडते ते सॉफ्टवेअरपाशी. नौपाड्यातल्या आमच्या कार्यालयात ताळेबंदाच्या एक्सेल फाइली मॅक्रोंवर, म्हणजे ठरलेली कामे आपोआप करणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर चालतात, आणि आयपॅडवरच्या एक्सेलमध्ये व्हीबीए भाषेत लिहिलेले असे मॅक्रो चालतच नाहीत. शिवाय जीएसटी विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी करायची, तर ती स्वाक्षरी साठवलेल्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर आणि एमसायनर हे स्वाक्षरीचे सॉफ्टवेअर संगणकावरच बसवावे लागतात. विंडोजवरचा सरफेस प्रो हा टॅबलेट मॅक्रो चालवतो खरा, पण कीबोर्ड जोडल्यावर माझ्या लेखी तो लॅपटॉपच ठरतो. म्हणून सध्याचा लॅपटॉप बदलायची वेळ आली, तर मी पुन्हा लॅपटॉपच घेईन.